व्हॅक्यूमची नळी काढण्याआधी

जुन्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला डिस्ट्रिब्युटर दिसतो. वर काळं टोपण, टोपणातून निघालेल्या जाड वायरी आणि पोटाशी चिकटलेली एक चपटी पत्र्याची डबी. त्या डबीतून बारीक नळी निघते आणि कार्बोरेटरला जाऊन मिळते. जुन्या गाडीत कुणी हात घातला की पहिली गदा येते ती या नळीवर. कुठे तिच्या तोंडात स्क्रू खुपसलेला असतो, कुठे ती दुमडून तारेनं आवळलेली असते. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "व्हॅक्यूम काढून टाकलाय, गाडी आता मोकळी पळते."

नळीचं काम समजून न घेता ती काढली तर गाडी मोकळी पळत नाही. ती तापते आणि जास्त पेट्रोल पिते. नळी समजून-उमजून काढण्याचेही प्रसंग असतात. कुठे काढावी, कुठे ठेवावी आणि उघडताच ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक भाग बसवताना नेमकं काय बदलतं, हे एकदा सविस्तर सांगायला हवं असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं.

भूमसारख्या तालुक्याच्या गावात जुन्या स्पोर्ट्स कारची चर्चा कशाला, असं कुणाला वाटेल. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर अशा दोन माणसांच्या उघड्या टपाच्या गाड्या सांभाळणारे हौशी लोक मुंबई-पुण्याकडचे, हे खरं. पण त्या गाड्यांची ठिणगीची यंत्रणा आणि बालाघाटाच्या या पठारावर पिढ्यानपिढ्या दुरुस्त होत आलेल्या गाड्यांची यंत्रणा एकाच घराण्यातली आहे. स्पिटफायर १९६२ साली आली ती ट्रायम्फ हेराल्डचा सांगाडा आखूड करून, आणि तीच हेराल्ड आपल्याकडे मद्रासची स्टँडर्ड कंपनी बनवत असे. महिंद्राची पेट्रोल जीप घ्या, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि तिचीच पुढे झालेली पद्मिनी घ्या, नाहीतर डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती आठशे घ्या. सगळ्यांच्या टोपणाखाली तेच रोटर, तेच पॉइंट, तेच कंडेन्सर. प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद तर शेजारच्या सोलापूरचे. तेव्हा ज्या मिस्त्रीनं जीपचे पॉइंट लावलेत, त्याला एमजीबीचं टायमिंग परकं नाही. त्याच्यापुढे फक्त एक भाग नवा असतो, आणि तो म्हणजे ही डबी. कारण जीपच्या डिस्ट्रिब्युटरला ती नव्हतीच.

सुरुवात ठिणगीपासूनच करावी लागेल. पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगमध्ये ठिणगी पडते आणि स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जातो, असं शाळेत शिकवतात. यातला "स्फोट" हा शब्द घोटाळा करतो. नीट चाललेल्या इंजिनात स्फोट होत नाही. प्लगच्या टोकाशी एक लहानशी ज्योत जन्माला येते आणि तिथून ती सगळ्या मिश्रणात पसरत जाते. या पसरण्याला वेळ लागतो. तो सेकंदाच्या हजारांश भागांत मोजावा लागतो, पण लागतो. पिस्टनवर सर्वांत जास्त दाब यायला हवा तो पिस्टन वरच्या टोकावरून किंचित खाली उतरायला लागल्यावर, क्रँकच्या मापात वरच्या बिंदूनंतर साधारण १५ अंशांवर. तो दाब त्या क्षणी हवा असेल तर ठिणगी त्याच्या आधी, पिस्टन अजून वर चढत असतानाच पडायला हवी. भूमकडच्या खव्याच्या भट्टीवरचा जाणता माणूस कढई उतरवतो ती खवा पुरता होण्याच्या जरा आधी, कारण तापलेल्या लोखंडात तो पुढे शिजतच राहतो. ठिणगी आधी टाकण्याचा हिशेब असाच आहे. याला मेकॅनिक "ॲडव्हान्स" म्हणतात.

आता आकडे पाहा, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसेल. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत आयडलिंगवर उभं आहे. एका सेकंदात क्रँक सव्वातेराहून किंचित जास्त फेऱ्या घेतो, म्हणजे सुमारे ४,८०० अंश फिरतो. सेकंदाच्या एक हजारांश भागात तो पाच अंशांपेक्षाही कमी सरकतो. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेलं की त्याच एक हजारांश सेकंदात क्रँक १८ अंश पुढे गेलेला असतो. ज्योतीला पसरायला लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते, ज्योत थोडी झपाट्यानं पसरते, पण तेवढ्यानं भागत नाही. म्हणून आयडलिंगला सात-दहा अंश आधीची ठिणगी पुरते आणि वेगावर तीच ठिणगी तीसएक अंश आधी लागते. पुस्तकात छापलेला "टायमिंग १० अंश" हा आकडा म्हणजे एका लांबलचक रेषेवरचा फक्त पहिला ठिपका आहे. गाडीचं सगळं चालणं उरलेल्या रेषेवर असतं. टायमिंगवरचे बहुतेक वाद लोक या एका ठिपक्यावर घालतात, याचं मला वाईट वाटतं.

आधीच्या काळात ही रेषा ड्रायव्हरच्या हातात असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक दांडी होती. गाडी सुरू करताना ती ठिणगी उशिरा पडेल अशी ठेवायची, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. मग वेग येईल तशी पुढे सारायची. पुढे ही दांडी गेली आणि तिचं काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटात गेलं. तिथे ते दोन भागांनी वाटून घेतलं.

पहिला भाग वजनांचा. पॉइंटच्या पट्टीखाली दोन छोटी लोखंडी वजनं असतात, प्रत्येकाला एक स्प्रिंग. दांडा वेगानं फिरू लागला की वजनं बाहेर फेकली जातात आणि वरच्या कॅमला फिरण्याच्या दिशेनं थोडं पुढे ढकलतात. पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते. वेगाचा हिशेब हा भाग सांभाळतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून इथे कॅम १२ अंश सरकला की क्रँकच्या मापात तो २४ अंश ॲडव्हान्स होतो. लुकास कंपनीच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरांत हा अंशांचा आकडा आतल्या पट्टीवर ठोकलेला सापडतो. वर्षानुवर्षं रोटरखालच्या नमद्यावर कुणी तेलाचा थेंब टाकलेला नसतो, वजनांच्या खिळ्यांवर गंज चढतो आणि ती जागच्या जागी आवळून बसतात. मग गाडी आयडलिंगला छान वाटते आणि पुढे पळतच नाही. पिकअप गेला म्हणून लोक कार्बोरेटर उघडतात, जेट बदलतात. आधी रोटर हातानं फिरण्याच्या दिशेला थोडा पिळून सोडावा. तो स्प्रिंगच्या जोरानं परत आला तर वजनं जिवंत आहेत.

दुसरा भाग म्हणजे ती डबी. तिच्यात रबरी पडदा असतो, पडद्याला एक सळी, आणि सळी पॉइंटच्या पट्टीला जोडलेली. नळीतून ओढ आली की पडदा मागे खेचला जातो आणि पट्टी कॅमच्या उलट दिशेनं सरकते. पॉइंट आणखी लवकर उघडतात. ही ओढ येते कुठून, हे कळलं की डबीचं सगळं मर्म कळतं.

ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असतो तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन हवा ओढू पाहतं, झडप अडवते, आणि मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. सिलिंडरमध्ये त्या वेळी मिश्रण थोडं, विरळ, आणि मागच्या खेपेचा जळका वायू त्यात प्रमाणानं जास्त मिसळलेला. असं मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी आणखी दहा-वीस अंश आधी मिळाली तर त्याचा पुरता उपयोग होतो. ही आधीची ठिणगी व्हॅक्यूमची डबी देते. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं गाडी चालली असताना वजनांचे पंचवीस-तीस आणि डबीचे पंधरा मिळून ॲडव्हान्स चाळिशीच्या पुढे जातो, आणि तिथे ते योग्यच असतं.

आता पाय पूर्ण दाबा. झडप उघडी, हवा मोकळी, पोकळी नाहीशी. डबीचा पडदा स्प्रिंगनं परत जागेवर येतो आणि ते पंधरा अंश आपोआप निघून जातात. म्हणजे इंजिनावर जड ओझं असताना, ठोका, म्हणजे इंजिनातली खडखड, येण्याची भीती सर्वांत जास्त असताना, ही डबी कामावरच नसते.

नेमका हाच मुद्दा विसरला जातो. चढावर गाडी ठोकते, इंजिनातून खडखड आवाज येतो, म्हणून व्हॅक्यूमची नळी काढली, असं कारण दिलं जातं. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर चढाला येणारा ठोका आणि व्हॅक्यूमची डबी यांचा संबंध असूच शकत नाही. तिथे दोष असतो पायाभूत टायमिंग फार पुढे लावल्याचा, वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्याचा, इंजिनात कार्बन साचल्याचा, मिश्रण पातळ झाल्याचा किंवा तापमानाचा. नळी काढल्यावर "बरं वाटलं" असं म्हणणाऱ्यानं बहुधा त्याच वेळी डिस्ट्रिब्युटरही थोडा फिरवलेला असतो. ठोका अर्धवट दाबलेल्या पायावर, सपाटीला येत असेल, तरच डबीकडे बोट दाखवता येईल, आणि तेव्हाही बऱ्याचदा चुकीच्या नंबरची डबी बसवलेली आढळते. लुकासच्या डबीवर "५-१७-१०" असे तीन आकडे ठोकलेले असतात. पाच इंच पाऱ्याइतक्या पोकळीला ती हलू लागते, सतरा इंचांना पुरती ओढली जाते, आणि डिस्ट्रिब्युटरच्या मापात दहा अंश देते. क्रँकच्या मापात ते वीस. गाडीच्या जातीप्रमाणे हे आकडे बदलतात. दिसायला सारखी म्हणून कुठलीही डबी कुठेही लावू नये.

नळी काढून टाकली तर काय होतं? इंजिन बंद पडत नाही, म्हणूनच हा उद्योग खपतो. पण हलक्या पायावर मिश्रण उशिरा जळतं. पिस्टन बराच खाली गेल्यावरही जळणं चालू राहतं, आणि जी उष्णता पिस्टनला ढकलण्यात खर्च व्हायची ती एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवरून सायलेन्सरकडे जाते. व्हॉल्व्हला जास्त ताप, रेडिएटरला जास्त ताप, त्याच अंतराला जास्त पेट्रोल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या या मुलखात जुन्या गाडीला आणखी तापवण्यात काय शहाणपण? जीपला ही डबी नव्हती हे कुणी पुढे करील. खरं आहे. जीपचं ते चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन कमी दाबाचं, जवळजवळ सात पट दाबणारं, ओझं ओढण्यासाठी रचलेलं. तिथे कारखान्यानं डबीविना रेषा आखली आणि हलक्या पायाला लागणाऱ्या जास्तीच्या पेट्रोलची किंमत मान्य केली. एमजीबीच्या आखणाऱ्यांनी ती मान्य केली नव्हती.

मग नळी काढण्याचं खरं कारण कधी असतं? शर्यतीच्या गाडीत. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळावर फियाट आणि हेराल्ड पळवल्या जायच्या, तिथे ड्रायव्हरचा पाय एकतर पूर्ण दाबलेला नाहीतर ब्रेकवर. हलक्या पायाचा प्रवासच नाही, त्यामुळे डबी असून नसून सारखीच. शिवाय प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा असलेले जोड कार्बोरेटर बसवले की एका गळ्यातली पोकळी धडधडत येते, पडदा थरथरतो आणि ठिणगी डळमळते. अशा गाडीत डबी काढून पट्टी पक्की करणं आणि वजनांची रेषा त्या इंजिनासाठी नव्यानं बांधणं रास्त आहे. पण ती गाडी नंतर रोजच्या रस्त्यावर आणू नये.

आणखी एक प्रसंग परदेशातून आलेल्या गाड्यांचा. अमेरिकेत १९७० च्या सुमारास धुराचे नियम कडक होऊ लागले तेव्हा काही कंपन्यांनी खालच्या गिअरमध्ये व्हॅक्यूम ॲडव्हान्स मिळूच नये अशी व्यवस्था केली, आणि काही गाड्यांच्या डबीला दुसरी नळी जोडली, जी आयडलिंगला ठिणगी उलट मागे ओढते. त्या काळात अमेरिकेसाठी बनलेल्या ट्रायम्फ गाड्यांत अशी डबी सापडते. अशा गाडीची मागे ओढणारी नळी काढणं ही वेगळी गोष्ट आहे आणि पुढे नेणारी काढणं वेगळी. मागे ओढणारी काढली की आयडलिंगचं टायमिंग एकदम पुढे सरकतं, फेऱ्या वाढतात, आणि पायाभूत टायमिंग पुन्हा लावावं लागतं. दोन नळ्यांतली कोणती कशाची आहे हे पाहिल्याशिवाय कात्री लावू नये.

बऱ्याचदा मात्र नळी काढण्यामागे यांपैकी काहीच नसतं. पडदा फाटलेला असतो, एवढंच. चाळीस-पन्नास वर्षांचं रबर पेट्रोलच्या वाफांनी कडक होऊन तडकतं. फाटलेल्या पडद्यातून इंजिन फुकटची हवा ओढतं, आयडलिंग बिघडतं, आणि नळी बंद केली की सुधारतं. मिस्त्री म्हणतो, पाहा, व्हॅक्यूमच त्रास देत होता. तपासणी एका मिनिटाची आहे. टोपण काढा, नळी कार्बोरेटरकडून सोडवा, स्वच्छ पुसा आणि तोंडानं ओढा. पॉइंटची पट्टी सरकली पाहिजे. मग जिभेनं नळीचं तोंड दाबून धरा. पट्टी सरकलेल्या जागीच राहिली तर पडदा शाबूत. ती हळूहळू परत आली तर फाटलेला. पट्टी हललीच नाही, पण ओढ मात्र टिकते, तर सळी निसटली आहे किंवा पट्टी गंजून अडकली आहे. पट्टीखालच्या गंजावर उपाय स्वस्तात होतो. पडदा फाटला असेल तर त्याच आकड्यांची डबी मिळवावी.

आता पॉइंटकडे वळू, कारण बदलण्याचा प्रश्न तिथे येतो. बारा व्होल्टच्या बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेतून वाहत असतो आणि पॉइंट मिटलेले असतात. कॅम पॉइंटची टाच उचलतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो, आणि कॉइलच्या बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होऊन तो रोटरमार्गे प्लगला जातो. तुटण्याच्या क्षणी पॉइंटवरच ठिणगी पडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी रचलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारींत आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली. ३,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या गाडीत हे उघडणं-मिटणं सेकंदाला शंभर वेळा होतं. एवढ्या वेळा एवढं बिनबोभाट काम करणारा हा भाग हातात घेऊन पाहिला की मला अजून नवल वाटतं.

पॉइंटमधला गॅप आणि टायमिंग हे दोन वेगळे विषय समजले जातात, आणि तिथे बिघाड सुरू होतो. गॅप वाढवला की टाच कॅमला आधी लागते, पॉइंट आधी उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे गेलं. गॅप कमी केला की ते मागे आलं. वापरात फायबरची टाच झिजते, गॅप आपोआप मिटत जातो आणि ठिणगी दिवसेंदिवस उशिरा पडू लागते. म्हणून क्रम पक्का आहे : आधी गॅप, मग टायमिंग. उलटं केलं तर केलेलं सगळं वाया. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरात गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, जीपमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा झाला असेल तर फिलर गेज उंचवट्याला टेकतो आणि खरा गॅप त्याहून मोठा असतो. असे पॉइंट घासत बसण्यापेक्षा बदलावेत. आणि पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर दोष कंडेन्सरचा धरावा.

या सगळ्याला कंटाळलेला माणूस पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक भाग बसवतो. कॅमवर चुंबकांची कडी, पट्टीवर त्या चुंबकांना ओळखणारा छोटा ठोकळा, दोन वायरी कॉइलला. झिजणारी टाच गेली, गॅप गेला, कंडेन्सर गेला. माझ्या मते रस्त्यावरच्या जुन्या गाडीत करण्याजोगा हा सर्वांत चांगला बदल आहे, कारण बाहेरून काही दिसत नाही आणि पुन्हा पॉइंटवर यायला पंधरा मिनिटं लागतात. मात्र एक गैरसमज घट्ट बसलाय. हा ठोकळा पॉइंटची जागा घेतो, वजनांची आणि डबीची जागा घेत नाही. वजनं गंजलेलीच ठेवून, नळी तुटलेलीच ठेवून वरचा ठोकळा बदलला तर बिघडलेली रेषा आता अधिक अचूकपणे बिघडलेली राहते. पूर्ण रेषाच इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं आखून देणारे नवे डिस्ट्रिब्युटरही मिळतात, त्यांत वजनं नसतात. त्यांतही व्हॅक्यूमची नळी जोडण्याची सोय बऱ्याचदा ठेवलेली असते. ती कशाला ठेवली असेल, हे आता वाचकाला सांगायची गरज नाही.

बसवताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली, गाडीची अर्थ. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. एमजीबीत तर १९६७ पर्यंत तसंच होतं. निगेटिव्ह अर्थचा ठोकळा अशा गाडीत जोडला तर चावी फिरवताच तो जळतो. दुसरी, कॉइल. साधी बारा व्होल्टची कॉइल सुमारे तीन ओहमची असते, आणि बॅलास्ट वायरवर चालणारी दीड ओहमच्या आसपास. ठोकळ्याला कोणती चालते हे त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसण्याची सवयही मग सोडावी लागते. अशानं ठोकळा किंवा कॉइल तापून जातात. काढलेली पॉइंटची पट्टी, कंडेन्सर आणि एक पॉइंट संच डिकीत ठेवावा. ठोकळा गेला तर तो रस्त्याकडेला दुरुस्त होत नाही, पॉइंट होतात. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर मूळ भाग सांभाळून ठेवण्याला आणखी एक कारण आहे.

पेट्रोलचाही विचार हवा, कारण पुस्तकातला टायमिंगचा आकडा विशिष्ट पेट्रोल गृहीत धरून लिहिलेला असतो. एमजीबीचं इंजिन मिश्रण ८.८ पट दाबतं आणि ते ब्रिटनमधल्या ९७-९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बेतलं होतं. आपल्याकडे १९९० च्या दशकात पंपावर ८७ च्या घरातलं पेट्रोल मिळे, त्यामुळे इथल्या मिस्त्रींनी टायमिंग दोन-चार अंश मागे घेतलं ते अगदी बरोबर केलं. पुढे शिसं गेलं, २००० सालापासून ते देशभर बंद झालं. ऑक्टेन ९१ वर आलं. आता २०२५ पासून सर्रास मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ च्या आसपास आहे. धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या उसाशी या बदलाचा थेट संबंध आहे. ऑक्टेन वाढलं म्हणजे ठोक्याची भीती कमी झाली आणि जुन्या काळी मागे घेतलेलं टायमिंग पुस्तकाच्या आकड्याकडे परत नेता येतं. दुसरीकडे इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. तेव्हा टायमिंगला हात लावण्याआधी पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि जेट पाहावेत. उंचीचाही थोडा वाटा असतो. सहाशे मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो, मिश्रण तितकंच विरळ, आणि मुंबईत काठावर ठोकणारी गाडी बालाघाटावर गप्प चालते. उलटही लक्षात ठेवावं : इथे ऐकून लावलेलं टायमिंग मुंबईत उतरल्यावर ठोकू शकतं.

लावण्याची पद्धत जुनीच, पण पायरी चुकवू नये. प्लग काढून एक नंबरचं सिलिंडर दाबाच्या फेरीवर आणा आणि पुलीवरची खूण पुस्तकातल्या अंशावर जुळवा. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी चालू. पॉइंट मिटलेले असेपर्यंत बल्ब विझलेला राहतो. डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेनं मागे घ्या, मग उलट दिशेनं सावकाश फिरवा, आणि बल्ब लागला त्या क्षणी बोल्ट आवळा. पॉइंटच्या जागी ठोकळा असेल तर या बल्बवर भरवसा ठेवू नये, तिथे टायमिंग लाइटच वापरावी. टायमिंग लाइटनं तपासताना गाडी आयडलिंगवर ठेवून व्हॅक्यूमची नळी काढायची आणि तिचं कार्बोरेटरकडचं तोंड बंद करायचं. नळी काढण्याचा रोजच्या गाडीतला रास्त प्रसंग हाच, आणि तो दहा मिनिटांत संपतो. सदऱ्याच्या बाह्या आणि गळ्यातला गमछा पंख्यापासून दूर ठेवा. मग नळी लावण्याआधीच फेऱ्या ३,००० वर नेऊन खूण पुढे सरकते का पाहा. सरकली तर नळी परत लावा, सरकली नाही तर वजनांकडे परत जावं लागेल.

शेवटची तपासणी रस्त्यावर. बार्शीकडून येडशीला येताना बालाघाटाचा चढ लागतो. इंजिन पुरतं तापल्यावर, गाडीत माणसं असताना, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम वेगावरून पाय पूर्ण दाबावा आणि काच खाली करून ऐकावं. एखादा हलका टकटकाट क्षणभर येऊन विरला तर टायमिंग काठावर आहे. खडखड टिकून राहिली तर पाय काढावा, डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेनं क्रँकच्या दोन अंशांइतका मागे घ्यावा आणि पुन्हा तोच चढ चढावा. आवाज अजिबात नाही आणि गाडी सुस्त, तर दोन अंश पुढे. जमलेल्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी आणि ब्लॉकवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. नवे पॉइंट बसवले असतील तर टाच बसायला थोडी धाव लागते, म्हणून पाचएकशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजावा. तो मिटलेला आढळला तर आधी गॅप आणि मग टायमिंग पुन्हा लावावं.